पलीकडचा किनारा दिसत असताना

रंकाळ्यात नावेत बसायची वेळ आली की माझी आजी बरोबर मधोमध बसत असे. आम्हा नातवंडांपैकी कोणी पाण्यात हात घालायला काठाकडे सरकले, की एरवी कधी आवाज न चढवणारी ती बाई मोठ्याने ओरडत असे, "एका अंगाला येऊ नका!" तिचे माहेर जयगडजवळ, सासर कोल्हापुरात. लहानपणी ती वडिलांबरोबर दोनदा आगबोटीने मुंबईला गेली होती. आगबोट किनाऱ्याला लागत नसे, म्हणून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, हलत्या पडावातून वर चढायचे आणि बोट लागून आडवे झालेल्या बायकांच्या शेजारी पथारी पसरायची, हे सगळे ती आवडीने सांगत असे. मात्र १९४७ नंतर ती आगबोटीत पुन्हा बसली नाही. मुंबईला जायचे झाले तर कोल्हापूरहून रेल्वेने मिरज, पुणे करीत जाणे हाच तिचा मार्ग ठरला.

कारण 'रामदास'. १७ जुलै १९४७, अमावास्या तोंडावर आलेली. मुंबईत गिरणीत, गोदीत, बाजारात राबणारी माणसे सणाला आपापल्या गावी निघाली होती. 'माझी आगबोट कंपनी' या नावाने कोकणात ओळखल्या जाणाऱ्या सहकारी कंपनीची ही बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला सुटली. प्रवास जेमतेम दीड तासाचा होता. पावसाळी समुद्र खवळलेला होता, वारा जोरात होता आणि बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी पाण्यापासून दूर म्हणून दुसऱ्या बाजूला धावले, आणि पुढच्या लाटांत बोट पूर्ण उलटली. धक्का सोडून तिला तासही झाला नव्हता. सहाशेहून अधिक माणसे गेली.

या घटनेतली एक गोष्ट मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मन सुन्न होते. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईसारख्या देशातल्या पहिल्या प्रतीच्या बंदरापासून काही मैलांवर शेकडो माणसे बुडत होती आणि धक्क्यावर दुपारपर्यंत कोणाला काही माहीत नव्हते. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून आणि कोळ्यांकडून शहराला ही वार्ता कळली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. जे वाचले, त्यांतले पुष्कळ जण रेवसच्या बाजूच्या मच्छीमारांमुळे वाचले. विकायला निघालेली मासळी पाण्यात टाकून त्यांनी आपल्या होड्यांत माणसे ओढून घेतली. त्या दिवशी वेळेवर पोहोचलेली मदत म्हणून सांगता येईल अशी तीच.

आजीचा थोरला भाऊ तेव्हा परळच्या गिरणीत कामाला होता. कोल्हापुरात बातमी पोहोचली ती "मुंबईची बोट बुडाली" एवढीच. कोणती बोट, कुठे जाणारी, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असते हे आजीला ठाऊक होते, पण भाऊ रेवसला उतरून पुढे खुश्कीने गावी निघाला असेल तर, या एका शंकेने तिचे अन्नपाणी सुटले. आठ दिवसांनी त्याचे कार्ड आले. कार्डात गिरणीतल्या पगाराचे आणि पावसाचे लिहिले होते, बोटीचा उल्लेखही नव्हता. ते कार्ड तिने देवघराच्या फडताळात कितीतरी वर्षे जपून ठेवले होते.

पुढच्या महिनाभरात देश स्वतंत्र झाला, फाळणीचे लोंढे सुरू झाले, आणि रामदासची बातमी मागे पडली. आमच्या घाटमाथ्यावर तर ती आज जवळजवळ कोणालाच सांगता येत नाही.

आजीचे ओरडणे ही भाबडी भीती नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तरंगणारी वस्तू सरळ राहते ती तिचे वजन आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर यांच्या मेळामुळे. बोट थोडी कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, वरचा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि बोटीला पुन्हा उभी करतो. पण वरच्या डेकवर माणसे दाटीने उभी असली की एकूण वजनाचा मध्य वर चढतो आणि बोट सावरण्याची ताकद घटते. त्यातच तीच माणसे एका बाजूला धावली, तर लाटेने अर्धवट केलेले काम ती पुरे करतात. यात दोष त्या माणसांचा नाही. पाणी अंगावर येताना जागेवर उभे राहा, असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते.

त्या दशकातले इतर मोठे अपघात वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. महासागर ओलांडणाऱ्या बोटींपेक्षा पलीकडचा किनारा जवळ असलेल्या, रोजच्या पाणवाटेवरच्या बोटींनी माणसे अधिक निर्दयपणे नेली. ३१ जानेवारी १९५३ रोजी स्कॉटलंडमधील स्ट्रॅनरारहून उत्तर आयर्लंडमधील लार्नला निघालेली 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' काही तासांच्या वाटेवर वादळात सापडली. मोटारी आत घेण्यासाठी असलेले तिचे मागचे दरवाजे लाटांनी वाकवले आणि पाणी मोटारींच्या डेकवर शिरले. पाण्याने भरलेली परात उचलून चालताना ती जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि हात सावरायच्या आत परात उलटते, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बोटीचे नेमके तेच झाले. तिच्यावर बिनतारी यंत्र होते, आणि डेव्हिड ब्रॉडफूट हा संदेशक बोट आडवी होईपर्यंत आपल्या जागेवरून संदेश पाठवत राहिला. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तरीही १३० हून अधिक माणसे गेली. स्त्रिया आणि मुले आधी म्हणून ज्या जीवरक्षक नावेत बसवली, ती नावच लाटेने बोटीवर आपटून फुटली, आणि स्त्रिया-मुलांपैकी एकही जण वाचले नाही.

पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९५४ ला, जपानमध्ये हाकोदातेहून आओमोरीला जाणारी 'तोया मारू' बुडाली. वादळ थोडे ओसरल्यासारखे दिसले, त्याचा डोळा डोक्यावरून गेला असा कप्तानाचा अंदाज झाला आणि बोट सुटली. रेल्वेचे डबे आत घेण्याच्या मागच्या उघड्या भागातून पाणी शिरून इंजिने बंद पडली. ११०० हून अधिक माणसे गेली. जपानने त्या सामुद्रधुनीखालून रेल्वेचा बोगदा काढण्याचा निर्धार केला आणि सेइकान बोगदा १९८८ मध्ये सुरू झाला. एका बोटीमागे इतकी वर्षे टिकलेली सार्वजनिक आठवण मला हेवा वाटावा अशी वाटते.

याउलट 'अँड्रिया डोरिया' हे अटलांटिक ओलांडणारे इटालियन जहाज. २५ जुलै १९५६ च्या रात्री धुक्यात 'स्टॉकहोम' हे जहाज तिच्या उजव्या कुशीत घुसले. दोघांकडेही रडार होते, पण त्यावरील खुणांचा अर्थ लावण्यात चूक झाली. ती इतकी कलली की डाव्या बाजूच्या जीवरक्षक नावा खाली सोडताच आल्या नाहीत. तरी ती अकरा तास तरंगत राहिली, बिनतारी संदेश ऐकून जहाजे धावली, 'इल द फ्रान्स' हे प्रवासी जहाज वाटेतून परत फिरले, आणि १,६६० माणसे वाचली. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ जण गेले.

समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९४८ मध्ये आणि पुन्हा १९६० मध्ये नव्याने लिहिला गेला, पण तो मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी. स्ट्रॅनरार ते लार्न, हाकोदाते ते आओमोरी, मुंबई ते रेवस या वाटा आपापल्या देशातल्या आहेत, त्यामुळे त्यांचे नियम ज्याने त्याने करायचे.

गेल्या वर्षी मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलो. हिवाळ्याची सकाळ होती आणि पाणी रंकाळ्यासारखे शांत होते. बाके भरल्यावरही माणसे चढत होती. समोर माझ्याच वयाची एक बाई नातीला घेऊन बसली होती. पक्षी दिसले म्हणून ती पोर बाकावर उभी राहून कठड्यावरून वाकली, तिच्या मागोमाग आणखी चार-पाच जण त्या बाजूला सरकले आणि लाँच किंचित कलली. माझ्या तोंडून आजीचेच शब्द निघाले, तेही तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात. त्या बाईने चमकून माझ्याकडे पाहिले आणि नातीला ओढून मांडीवर बसवले.