लॅमिनचे शेजारी शोधताना: टर्बोआयडीचा माझा अनुभव

जिवंत सेलमध्ये एखाद्या प्रोटीनच्या आसपास कोण कोण असतं हे बघायला एन्झाइमने लेबल करायची पद्धत आता खूप जण वापरतात, आणि प्रोटोकॉल वाचला तर वाटतं की सोपं आहे, प्रोटीनला एन्झाइम (माझ्याकडे टर्बोआयडी) जोडा, बायोटिन हे छोटं व्हिटॅमिन घाला म्हणजे एन्झाइम आसपासच्या प्रोटीन्सवर त्याची खूण लावतं, दहा मिनिटांनी थांबवा, आणि खूण असलेली प्रोटीन्स बायोटिन घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या बीड्सवर ओढा. लेबल पडणं खरंच सोपं आहे. पडलेल्या लेबलचा अर्थ लावणं हे खरं काम, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितेय.

माझं प्रोटीन लॅमिन ए. न्यूक्लियसच्या आवरणाला आतून चिकटलेली जी जाळी असते तिचा हा मोठा भाग, आणि ही जाळी इतकी चिवट की साध्या डिटर्जंटमध्ये विरघळतच नाही. नेहमीसारखं अँटिबॉडीने ओढायचं म्हटलं तर सौम्य बफरमध्ये लॅमिन तळाला पेलेटमध्येच बसतं, आणि कडक बफर वापरला की त्याला धरून असलेले सगळे सुटून जातात, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. लेबलिंगमध्ये ही अडचणच उरत नाही, कारण खूण पडते ती सेल जिवंत असताना, आणि ती कोव्हेलंट असते, नंतर एसडीएस या कडक डिटर्जंटमध्ये सेल पार फोडून काढला तरी खूण जागेवर राहते. २०१२ मध्ये काइल रू आणि सहकाऱ्यांनी बायोआयडी (टर्बोआयडीच्या आधीचं रूप) पहिल्यांदा दाखवलं तेही लॅमिन ए वरच, ते उगाच नाही.

एन्झाइमबद्दल थोडं, कारण हे समजल्याशिवाय कंट्रोल ठरवता येत नाहीत. ई. कोलायमध्ये बिरए नावाचं एन्झाइम आहे, ते बायोटिन आणि एटीपीपासून बायोटिनिल-एएमपी बनवतं, ते आपल्याकडेच घट्ट धरून ठेवतं आणि एका ठरावीक प्रोटीनच्या एका ठरावीक लायसिनवरच (लायसिन म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) बायोटिन लावतं. एवढं काटेकोर. बायोआयडीमध्ये त्यात एकच बदल केला, ११८ नंबरच्या आर्जिनिनच्या जागी ग्लायसिन, आणि त्याची पकड सैल झाली, बायोटिनिल-एएमपी बाहेर निसटतं आणि जवळपास जे लायसिन सापडेल त्याला चिकटतं. न्यूक्लियसच्या आवरणातल्या दाराचा, म्हणजे न्यूक्लिअर पोअरचाच, पट्टी म्हणून वापर करून २०१४ मध्ये मोजलं तेव्हा ही पोच साधारण १० नॅनोमीटर निघाली. पण त्याला १८ ते २४ तास लागायचे. मग अ‍ॅलिस टिंग यांच्या लॅबने यीस्टच्या पृष्ठभागावर मोठ्या संख्येने म्युटंट दाखवून, पुन्हा पुन्हा चाळून टर्बोआयडी आणि त्याचं छोटं रूप मिनीटर्बो काढले, २०१८ मध्ये ते छापून आले, आणि तेच काम १० मिनिटांवर आलं. एपेक्स२ या दुसऱ्या लेबलिंग एन्झाइमचा विचार मीही केला होता, ते तर एका मिनिटात लेबल करतं, पण त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालावं लागतं आणि न्यूक्लियसच्या कामात तो ताण मला अजिबात नको होता.

एन्झाइम कुठल्या टोकाला जोडायचं यावर मात्र विचार करायला लागला नाही, लॅमिन एने ते आधीच ठरवून ठेवलंय. त्याच्या सी टोकाला फार्नेसिल हा चरबीसारखा गट लागतो आणि नंतर ते टोक कापूनच टाकलं जातं, म्हणजे तिथे जोडलं असतं तर एकतर प्रक्रिया बिघडली असती नाहीतर एन्झाइमच कापून गेलं असतं. म्हणून एन टोकाला, मध्ये लवचिक लिंकर आणि व्ही५ टॅग, म्हणजे अँटिबॉडीने ओळखता येणारा छोटा तुकडा. कुठलंही प्रोटीन घ्या, आधी त्याची अशी टोकं तपासा, क्लोनिंगपूर्वीचा एक तास फार कामाचा असतो.

दुसरी गोष्ट एक्सप्रेशनची. लॅमिन ए जास्त झालं की न्यूक्लियस वेडावाकडा होतो, आत गोळे दिसतात, आणि मग तुम्ही शेजारी शोधत नसता तर त्या गोळ्यात काय अडकलंय ते शोधत असता. म्हणून ट्रान्झियंट ट्रान्सफेक्शन न करता लेंटिव्हायरसने डॉक्सीसायक्लिन दिल्यावरच हे प्रोटीन बनवणारी सेल लाइन बनवली आणि डॉक्सी कमी कमी करत गेले, जोपर्यंत व्ही५ चा सिग्नल मायक्रोस्कोपखाली न्यूक्लियसच्या कडेला एक बारीक सलग रिंग म्हणून दिसत नाही तोपर्यंत. बायोटिन घालून फ्लुरोसंट स्ट्रेप्टाव्हिडिनने बघितलं तर तीच रिंग, तेवढीच बारीक, हे बघून फार बरं वाटलं.

आता टर्बोआयडीचा खरा त्रास. हे एन्झाइम इतकं तेज आहे की बाहेरून बायोटिन घातलं नाही तरी मीडियात सीरममधून आलेलं जे थोडंफार असतं त्यावरच ते चालू राहतं. म्हणजे डॉक्सी घातल्यापासून लेबल पडतच असतं, आणि शेवटच्या १० मिनिटांचं लेबल त्या जुन्या लेबलवर बसतं. मग "१० मिनिटात कोण जवळ होतं" हा दावाच पोकळ होतो. यावर मी डायलाइझ केलेलं सीरम वापरलं, तेही फक्त डॉक्सी दिल्यापासूनच्या एका रात्रीपुरतं, कारण सेलच्या स्वतःच्या कार्बोक्झिलेज एन्झाइमना बायोटिन लागतं, फार दिवस उपाशी ठेवणं बरोबर नाही. आणि मीडियाच्या बाटलीवरची यादी वाचाच, आरपीएमआयमध्ये बायोटिन मुळातच असतं, साध्या डीएमईएममध्ये नसतं.

लेबलिंगचा दिवस छोटा असतो. डीएमएसओमधला १०० मिलिमोलरचा स्टॉक, शेवटी ५०० मायक्रोमोलर, १० मिनिटं, मग प्लेट थेट बर्फावर आणि गार पीबीएसने पाच वेळा धुणं. हे धुणं कंटाळवाणं आहे पण उरलेलं मोकळं बायोटिन बीड्सवरची सगळी जागा खाऊन टाकतं, त्यामुळे इथे घाई नाही. लायसिसला एसडीएसवाला बफर घातला की डीएनए सुटतो आणि सगळं चिकट होतं, पिपेट उचललं की टोकाला लांब तार लोंबते. सोनिकेशन करत राहायचं, जोपर्यंत ते तार सोडून थेंबाथेंबाने पडत नाही तोपर्यंत, नाहीतर बीड्स त्यात अडकतात आणि मॅग्नेटवर नीट येतच नाहीत.

प्रोटीन्स आकारानुसार पडद्यावर घेऊन बघायच्या ब्लॉटला दूध वापरू नका, दुधात बायोटिन असतं, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (एचआरपी म्हणजे सिग्नल देणारं एन्झाइम) लावलं की प्रत्येक लेनमध्ये, अगदी एन्झाइम नसलेल्या सेल्समध्येही, १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड दिसतात, ते माइटोकॉन्ड्रियातले मुळातच बायोटिन असलेले कार्बोक्झिलेज, ते कायम असणारच. मला तर ते आवडायला लागले, सगळ्या लेनमध्ये सारखे दिसले की लोडिंग आणि ट्रान्सफर दोन्ही ठीक आहेत असं कळतं. आपला सिग्नल म्हणजे बायोटिन दिलेल्या लेनमधली वरपासून खालपर्यंतची रेघारेघांची शिडी, आणि त्यात ११० च्या जवळचा जाड बँड, तो टर्बोआयडी-लॅमिन स्वतःच, कारण एन्झाइम सगळ्यात आधी स्वतःलाच लेबल करतं.

कंट्रोलवर मी अडून बसले आणि त्याचं चीज झालं. एन्झाइम नसलेले सेल्स अधिक बायोटिन, हा तर लागतोच, बीड्सला उगाच चिकटणारे त्यातून कळतात. बायोटिन न दिलेला टर्बोआयडी-लॅमिन, हा मागचं साचलेलं लेबल दाखवतो. पण सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे न्यूक्लियसमध्ये मोकळा फिरणारा टर्बोआयडी, फक्त एनएलएस (न्यूक्लियसमध्ये नेणारा पत्ता) लावलेला, आणि त्याची पातळी व्ही५ ब्लॉटवर लॅमिनवाल्याच्या जवळ आणलेली. हा नसेल तर यादीत हिस्टोन आणि आरएनए बांधणारी प्रोटीन्स वर येऊन बसतात आणि आपण त्यांना लॅमिनचे शेजारी म्हणून मोकळे होतो, खरं तर ती न्यूक्लियसमध्ये ढिगाने असतात म्हणून सापडतात. इम्पोर्टिनचंही तेच. नवीन बनलेलं लॅमिन सायटोप्लाझममधून आत जातं, वाटेत इम्पोर्टिन त्याला धरतं आणि तिथेच लेबल होतं. लेबल खरं आहे, पण ते वाटेवरच्या सोबत्याचं आहे, जाळीतल्या शेजाऱ्याचं नाही.

मास स्पेक, म्हणजे ओढलेली प्रोटीन्स कोणती ते ओळखणं, कोअर फॅसिलिटीने केलं त्यामुळे त्याबद्दल थोडंच. बीड्स १ मोलर केसीएल, सोडियम कार्बोनेट, २ मोलर युरिया अशा कडक वॉशमधून काढले, कार्बोनेट आणि युरियात फक्त १० सेकंद, मग बीड्सवरच प्रोटीनचे तुकडे (पेप्टाइड) करणारं ट्रिप्सिन. एक मात्र लक्षात ठेवा, अशा पद्धतीत जे पेप्टाइड दिसतात ते बहुतेक बायोटिन नसलेले असतात, बायोटिनवाला तुकडा बीडवरच राहतो, त्यामुळे प्रोटीन ओढलं गेलं एवढंच कळतं, कुठल्या लायसिनवर लेबल पडलं ते नाही. आणि ज्याच्या पृष्ठभागावर हाताशी लायसिन नाही ते शेजारी असूनही दिसणार नाही, तेव्हा यादीत नाही म्हणजे जवळ नाही असं समजू नका.

एनएलएसच्या तुलनेत बघितल्यावर यादी भरपूर आकसली, पण वर राहिले ते बघून समाधान झालं: लॅमिन बी१, एमरिन, एलएपी२, लॅमिन बी रिसेप्टर, शिवाय पोअरच्या आतल्या बाजूचं एनयूपी१५३. हे सगळे आधीपासून माहीत असलेले, त्यामुळे त्यांच्या बरोबरीने आलेल्या अनोळखी नावांवर थोडा विश्वास ठेवता येतो. त्या अनोळखींना मी अजून कुठेही इंटरॅक्टर म्हटलेलं नाही, ग्रुप मीटिंगमध्ये यावरून बराच वाद झाला, पण १० मिनिटं जवळ असणं आणि धरून बसणं यात फरक आहे आणि टर्बोआयडी फक्त पहिलं सांगतं. त्यातल्या काहींच्या अँटिबॉडी मागवल्या, एकाने सुंदर रिंग दिली, एक पूर्ण न्यूक्लियसभर पसरलेलं दिसलं. दुसरं लगेच खोडलं नाही, कारण थोडा भाग कडेला आणि बाकी आत असं असू शकतं, लॅमिन एचाही काही भाग जाळीबाहेर आत मोकळा असतोच. त्याच्यासाठी प्रॉक्सिमिटी लायगेशन, म्हणजे दोन प्रोटीन्स जवळ असली तरच सिग्नल देणारी चाचणी, करून बघणार आहे.

शिवाय मायटोसिसमध्ये ही जाळी सुटते आणि लॅमिन सगळीकडे पसरतं, म्हणजे प्लेटमधल्या विभाजन चालू असलेल्या सेल्सचं लेबलही या यादीत मिसळलेलंच आहे. पुढचा राउंड म्हणून विभाजनानंतरच्या जी१ टप्प्यात थांबवलेल्या सेल्सवर करतेय, सोबत मिनीटर्बोची लाइनही घेतलीय, बायोटिन न दिलेली लेन त्यात आणखी साफ येते का ते बघायला.