"सगळेच खातात" म्हणण्याआधी

आज ग्रामसभा आटोपली आणि संध्याकाळपर्यंत पारावर एकच वाक्य फिरत होतं, "सगळेच खातात." ऐकून जीव तुटतो. एकदा असं म्हटलं की तपासायचं कामच उरत नाही. प्रामाणिक सरपंच आणि खाणारा सरपंच एकाच पोत्यात जातात.

पांदण रस्त्यावरचं सिमेंट काँक्रीटच घ्या. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड, म्हणजे ४५ घनमीटर. जाडी १० भरली तर ३०. काठावर टेप लावून समाधान मानू नका. कडेला जाडी बरोबर दिसते, मधे मुरूम उंच ठेवलेला असतो. म्हणून काँक्रीट पडायच्या आधीच दोन्ही बाजूंच्या शटरिंगवर, म्हणजे काँक्रीट अडवणाऱ्या फळ्यांवर, दोरी ताणायची आणि मधोमध दोरीपासून मुरमापर्यंत मोजायचं. नंतर कोण खोदणार?

मग कागद. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. "कामाची सगळी माहिती द्या" असं मोघम लिहिलं की अर्ज अडतो. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) पानं, देयक असं नावानिशी मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. लोक नेमके इथंच थकतात, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

तपासणं सरपंचापुरतंच नको. आमदारकीच्या उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं त्यात. मागच्या निवडणुकीचं शेजारी ठेवून वाचा.

आणि हिशेब चोख निघाला, तर तेही ग्रामसभेत उभं राहून सांगा.