तुम्ही विचारलंत म्हणून: झापा ऐकायला कुठून घ्यावा?

घरी आलेला माणूस सीडींच्या कपाटापुढे उभा राहतो, एका ओळीवर बोट फिरवत जातो आणि विचारतो, "हा फ्रँक झापा एवढा का आहे तुमच्याकडे? आणि मला ऐकायचा असेल तर कुठून सुरुवात करू?" गिटार शिकणारी मुलं विचारतात, भाच्याचे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. झापा हा अमेरिकन गिटारवादक आणि संगीतकार. तो हयात असतानाच त्याचे 62 अल्बम निघाले आणि 1993 मध्ये तो गेल्यावरही निघतच राहिले. एवढ्या ढिगाऱ्यात नवखा माणूस कुठे हात घालणार?

मी स्वतः चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. पहिला अल्बम म्हणजे पहिला ऐकायचा, असं समजून कॉलेजात असताना 'फ्रीक आउट!' लावला, 1966 चा, दोन रेकॉर्डींचा. आधी साध्या गाण्यांसारखी वाटणारी गाणी, आणि शेवटची अख्खी बाजू किंचाळ्या, ढोल आणि बडबड. मी ती कॅसेट परत केली आणि दोन वर्षं त्याचं नाव काढलं नाही. ती दोन वर्षं फुकट गेली याची आजही हळहळ वाटते.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: 1975 च्या 'वन साइझ फिट्स ऑल'मधलं पहिलं गाणं, 'इंका रोड्स'. अल्बम राहू द्या, आठवडाभर हे एकच ऐका. त्याच्या बँडमधला कीबोर्डवादक जॉर्ज ड्यूक गातो, अँडीज पर्वतात उतरलेल्या कुठल्याशा परग्रहावरच्या वाहनाबद्दल. शब्दांकडे फार लक्ष देऊ नका. दोनेक मिनिटांत गाणं निवळतं, खाली दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजत राहतात आणि झापाची गिटार सुरू होते. इथे आपल्या कानाला एक ओळख पटते. स्वर यमनचे आहेत: सगळे शुद्ध, मध्यम तेवढा तीव्र. तो यमन वाजवत नाही, चलन नाही, पकड नाही. पण तो तीव्र मध्यमावर थांबतो, तिथून लगेच पंचमावर जात नाही, त्या अधांतरी जागेवर रेंगाळतो, तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. ही गिटार स्टुडिओतली नाही. 1974 मध्ये हेलसिंकीच्या मैफलीत वाजवलेला सोलो त्याने कापून इथे बेमालूम बसवला आहे. सांधा शोधून बघा, मला अजून सापडलेला नाही.

सोलो संपला की मरिम्बा येतो, लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य. वाजवणारी रूथ अंडरवुड, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकलेली. पाश्चात्त्य शास्त्रीय वादनाची सरळ वाट समोर असताना झापाला ऐकून ती या बाजूला वळली. ते जलद, वेडेवाकडे तुकडे ती ज्या सफाईने काढते ते ऐकताना मला लहानपणीचा तबल्याचा क्लास आठवतो. हात बसायला किती महिने लागले असतील, हे ज्याने कधी कायदा घोटला आहे त्याला सांगावं लागत नाही. गाण्याच्या अगदी शेवटी सगळे मिळून तिचंच नाव घेतात.

यानंतर 'हॉट रॅट्स' घ्या, 1969 चा. जवळजवळ सगळा वाद्यसंगीताचा आहे. पहिली रचना 'पीचेस एन रेगालिया' साडेतीन मिनिटांची, आणि तिच्यात बास वाजवणारा शुगी ओटिस तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मग 'जोज गराज'मधली 'वॉटरमेलन इन ईस्टर हे', नऊ मात्रांचं आवर्तन, बोटांवर मोजत ऐका. त्या अल्बमची गोष्ट आणि बाकीची बरीच गाणी मी सुचवत नाही. झापाच्या पुष्कळ गाण्यांतले शब्द बायकांबद्दल हिणकस आहेत, आणि तीस वर्षं ऐकूनही ते मला आवडलेले नाहीत. त्याचे जुने चाहते यावरून माझ्याशी वाद घालतात. घालोत. मुलींना हे संगीत ऐकवताना मी हे आधीच सांगतो.

पण झापाचे जाणकार चाहते जे खरं सुचवतात, ते त्याचं स्वतःचं नसतंच. 'फ्रीक आउट!'च्या कव्हरच्या आतल्या बाजूला त्याने दीडशेहून जास्त नावं छापली होती, ज्यांच्यामुळे आपलं संगीत असं झालं त्यांची. स्त्राविन्स्की, वेबर्न आणि चार्ल्स आइव्ह्ज या आधुनिक शास्त्रीय संगीतकारांच्या पंगतीला हाउलिन वुल्फ आणि विली डिक्सन हे ब्लूजवाले. एकविसाव्या वर्षी हाती पडायला हवी होती अशी ती यादी आहे, आणि मी ती कॅसेट ऐकली, कव्हर पाहिलंच नाही! त्यातलं एक नाव एडगार व्हारेझ, तोही आधुनिक संगीतकार. झापाचे चाहते व्हारेझचं 'आयोनिझेशन' ऐका म्हणतात. तेरा वादक, बहुतेक सगळी तालवाद्यं, दोन भोंगे. सहाएक मिनिटांचा मामला.

ते झापाला कसं सापडलं, हे त्याच्याच तोंडून वाचा. पुस्तक विचाराल तर एकच सांगेन, 1989 चं 'द रिअल फ्रँक झापा बुक'. कॅलिफोर्नियातला एक शाळकरी मुलगा मासिकात लेख वाचतो. लेख एका रेकॉर्ड दुकानदाराच्या कौतुकाचा: हा माणूस काहीही विकू शकतो, अगदी व्हारेझसुद्धा, जो म्हणजे ढोलताशांचा नुसता गोंधळ. मुलाला वाटतं, हेच तर मला हवंय. तो ती रेकॉर्ड कितीतरी दिवस शोधतो. शेवटी ला मेसा गावच्या एका दुकानात काळ्या-पांढऱ्या कव्हरवर पिंजारलेल्या करड्या केसांचा माणूस दिसतो. किंमत 5.95 डॉलर, खिशात चारसुद्धा नाहीत. दुकानदार ती फक्त यंत्राचा आवाज दाखवायला वापरत होता, म्हणून कमी पैशांत देऊन टाकतो. घरी आई इस्त्री करत असते. रेकॉर्ड वाजते, आणि हे पुन्हा बैठकीच्या खोलीत लावायचं नाही, असं फर्मान निघतं. पंधराव्या वाढदिवसाला आईने पाच डॉलर देऊ केले, तर त्याने त्याऐवजी न्यूयॉर्कला व्हारेझकडे ट्रंक कॉल मागितला. व्हारेझ तेव्हा ब्रसेल्सला होता. फोन त्याच्या बायकोने घेतला. पुढे त्यांचं फोनवर बोलणं झालं, भेट मात्र कधीच झाली नाही. हे प्रकरण मी किती जणांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे!

आपल्याकडचा एक धागाही सांगून ठेवतो. झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या फ्यूजन बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारे एल. शंकर झापाबरोबर वाजले, आणि त्यांच्या 1979 च्या 'टच मी देअर'ची निर्मिती झापानेच केली. 'यू कान्ट डू दॅट ऑन स्टेज एनीमोर'च्या सहाव्या भागात 'थर्टीन' आहे. 1978 साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये झापा प्रेक्षकांना तेराची फोड करून टाळी द्यायला शिकवतो, आणि मग शंकर सुरू होतात. तबला शिकणाऱ्या मुलांना मी थेट इथेच बसवतो.

आणि सगळ्यात शेवटी, घाई न करता, 'द यलो शार्क'. 1992 मध्ये जर्मनीच्या आंसांब्ल मोडेर्न या वाद्यवृंदाने फ्रँकफर्ट, बर्लिन आणि व्हिएन्नाला केलेल्या मैफलींचा अल्बम. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झापा खंगला होता, तरी काही रचनांसाठी स्वतः मंचावर उभा राहिला. त्यातली शेवटची 'जी-स्पॉट टॉर्नेडो' त्याने आधी सिंक्लाव्हियर या संगणकी वाद्यावर रचली होती. माणसाच्या हातून ती वाजणार नाही, असं त्याला वाटायचं. ती संगणकावरची आवृत्ती 1986 च्या 'जॅझ फ्रॉम हेल'मध्ये आहे. दोन्ही लागोपाठ ऐका, यंत्राची आधी, माणसांची मग. हा क्रम उलटा करू नका.