तेबुइरेंगच्या कबरस्तानात

बाली आणि बोरोबुदूरवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या जोंबांगबद्दल. सुराबायाहून दीडेक तास रेल्वे, मग टॅक्सी, की तेबुइरेंगचं पसांत्रेन येतं. पसांत्रेन म्हणजे निवासी मदरसा. हा 1899 सालचा. त्याच्या संस्थापकांचे नातू अब्दुररहमान वाहिद, सगळ्यांचे गुस दुर, इथेच पुरलेले आहेत. नाहदलातुल उलामा या इंडोनेशियातल्या मोठ्या मुस्लिम संघटनेचे 15 वर्षं अध्यक्ष, 1999 ते 2001 देशाचे राष्ट्राध्यक्ष.

बसगाड्या भरून भाविक आले होते. गल्लीभर गुस दुरांचे टी-शर्ट, काळ्या टोप्या, खजूर. रेटारेटीने जीव नकोसा झाला. पण बायकांच्या बाजूला टेकले आणि शेजारणीने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. कबर अगदी साधी. दगडावर चार भाषांत लिहिलंय, त्यातली एक चिनी: इथे एक मानवतावादी विसावला आहे.

चिनी का, ते पलीकडच्या आजीने सांगितलं. नातू इंग्रजी करून देत होता. 1967 पासून चिनी सण उघड्यावर साजरे करायला बंदी होती. "दार लावून नवं वर्ष करायचो. गुस दुरांनी 2000 साली दार उघडलं," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

उदारमतवाद म्हणजे शहरातली चर्चासत्रं, असं मी आजवर धरून चालले होते. तो मदरशातून निघतो आणि खेड्यातली माणसं गुस दुरांसारख्या उदारमतवाद्याच्या कबरीवर दुआ मागायला येतात, हे इथे पाहिलं. सगळं गोड आहे असं मात्र नाही. 2005 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने, म्हणजे धर्मपंडितांच्या मंडळाने, उदारमतवादाविरुद्धच फतवा काढला. धर्मनिंदेच्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत गुस दुरही होते. 2009 च्या डिसेंबरात ते गेले आणि पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. अहमदिया या अल्पसंख्य पंथाच्या लोकांना अजूनही त्रास होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेवढ्यात तहलील, म्हणजे सामूहिक जप, सुरू झालं. "ला इलाहा इल्लल्लाह"चा ठेका आधी हळू, मग सगळा मंडप डोलायला लागला. एका शाळकरी मुलीने आजीच्या हातात पुस्तिका दिली, पान काढून दिलं, ओळीवर बोट ठेवलं. आजीला अरबीचं अक्षरही येत नव्हतं. तिने ती पुस्तिका शेवटपर्यंत दोन्ही हातांत तशीच उघडी धरून ठेवली.