स्विफ्टला १५ इंची अलॉय: ‘बसतं साहेब’वर विसंबू नका

अलॉय (लोखंडीऐवजी मिश्रधातूचं रिम) घ्यायला गेल्यावर दुकानदार फक्त इंच सांगत असेल, तर तिथे पैसे देऊ नका. हे मी चिडूनच लिहितोय. ठाण्यात घोडबंदर रोड, वागळे इस्टेट, पुढे वाशी, तुर्भे, जिथे जिथे विचारलं तिथे पहिलं उत्तर ठरलेलं: “पंधरा इंची आहे साहेब, स्विफ्टला बसतं.” अहो, बसणारच. चार भोकं शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर असली की नट आवळता येतात. मला विचारायचं होतं ते हे की त्या चाकावर माझ्या गाडीचा योग्य टायर नीट राहील का, आणि ते चाक मडगार्डच्या आत राहील का.

गाडी स्विफ्टचं व्हीएक्सआय मॉडेल, लोखंडी रिम, टायर १६५/८० आर १४. टायरचा साइज ठरवायला मला कुणाची गरज पडली नाही, तुम्हालाही पडू नये. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. १६५ चे ८० टक्के १३२. वरची आणि खालची भिंत मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवा. चाकाची एकूण उंची ६१९.६ मिमी. आता १८५/६५ आर १५ घ्या: भिंत १२०.२५, दोन्ही मिळून २४०.५, रिम ३८१, एकूण ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. आणि त्याच पिढीच्या स्विफ्टच्या सगळ्यात वरच्या मॉडेलला कंपनी हाच साइज देते. आमच्या सोसायटीत एकांकडे ती गाडी आहे, टायरवरचा आकडा मी पार्किंगमध्येच वाचला. विषय संपला.

अडलं ते रिमपाशी.

एका दुकानात भिंतीवर लावलेलं डिझाइन आवडलं. विचारलं, “भाऊ, रुंदी किती?” “पंधरा.” “पंधरा व्यास झाला, रुंदी?” “स्टँडर्ड असते साहेब.” ऑफसेट विचारला तर मालक फोनवर बोलायला बाहेर गेला. म्हटलं, खाली काढून उलटं करून दाखवा. “लावायच्या वेळी बघू ना.” लावायच्या वेळी म्हणजे टायर चढल्यावर, बिल फाटल्यावर! मी तिथून हललो नाही. शेवटी कामावरच्या पोराने शिडी लावून रिम उतरवलं. पाठीमागे, आऱ्यांच्या आतल्या बाजूला, सगळं ओतीव अक्षरांत लिहिलेलं होतं: १५×७जे, ईटी ३५.

हे दोन आकडे एवढे महत्त्वाचे का, ते सांगतो, कारण दुकानात कुणी सांगणार नाही. ‘जे’च्या आधीचा आकडा रिमची रुंदी, इंचात. १८५/६५ आर १५ टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीचं रिम चालतं. सातवर तो चढवला तर भिंती बाहेर ताणल्या जातात, कडेचं रबर रिमला पुरेसं झाकत नाही आणि खड्ड्यात दणका थेट अलॉयला बसतो. ईटी म्हणजे ऑफसेट: चाकाच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक आवळतात त्याला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे. हा आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीबाहेर येतं. मी शेवटी घेतलेल्या ६जे ईटी ४० च्या तुलनेत ७जे ईटी ३५ ची बाहेरची कड १७.७ मिमी पुढे येते: अर्धा इंच जास्त रुंदीचा, म्हणजे १२.७, आणि ५ ऑफसेटचे. मागे तीन माणसं, डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान आणि महामार्गावरचा एखादा खोल खड्डा, एवढं जुळून आलं की टायर मडगार्डच्या कडेला घासू शकतो. आम्ही दरवर्षी चिपळूणला भरलेल्या गाडीने जातो, त्यामुळे हा धोका मला पत्करायचाच नव्हता.

मालकाकडे यावर उपाय तयार होता: “मग १९५/६५ टाका, सातवर मस्त बसेल, स्टॉकमध्ये आहे.” सातवर तो चालतो, खरं आहे. पण चाकाची उंची ६३४.५ होते, मूळपेक्षा १५ मिमी जास्त, जवळपास २.४ टक्के. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे तो जेव्हा ८० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरच्या मानाने ८२ ने पळत असेल. मडगार्डमधली जागा वरूनही कमी. मी म्हटलं, सातच द्यायचं असेल तर १९५/६० द्या, उंची ६१५ येते, ती चालेल. पण बाहेर येणाऱ्या कडेचं काय? त्यावर “साहेब, तुम्ही फार विचार करता.” हो, करतो. गाडीत माझी आई बसते.

नंतर मी दुकानं पालथी घालणं थांबवून फोन सुरू केले. एकच मागणी: रिमच्या पाठीमागचा फोटो पाठवा. बहुतेकांनी पुढचाच पाठवला, चकचकीत. एकाने आधी ॲडव्हान्स मागितला, नंबर नंतर. नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला मात्र एकजण असा भेटला ज्याने मी तोंड उघडायच्या आत रिम उलटं करून टेबलावर ठेवलं आणि बोटाने वाचून दाखवलं: १५×६जे, ईटी ४०, ४×१००. चारपैकी तीनच हाताशी होती, चौथ्यासाठी थांबावं लागलं. ते थांबणं मला अजिबात जड गेलं नाही. त्या माणसाला मी आता प्रत्येक ओळखीचं गिऱ्हाईक पाठवतो.

त्यानेच मधल्या भोकाची गोष्ट काढली, जी मी वर लिहायची राहिली. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी असतं, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालावं. स्विफ्टचा हब ५४.१. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं आणि जरा हललं की ठाणे-बेलापूर रोडवर वेग घेतला की स्टेअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. रिंग बिलात लिहून घ्या.

१६ इंचाचा मोह मलाही घातला गेला. १९५/५५ आर १६ ची उंची ६२०.९, म्हणजे हिशोब जुळतो. पण भिंत १०७ मिमीच. पावसाळ्यात कापूरबावडी ते गायमुख रोज गाडी चालवणाऱ्याला १८५/६५ ची ती १३ मिमी जास्तीची भिंत खड्ड्यांसाठी हवीच आहे.

टायर घेताना साइजनंतरचा आकडाही वाचा. माझ्या जुन्या टायरवर ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंतचा भार; नव्यावर ८८, म्हणजे ५६०. मूळपेक्षा कमी कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. आणि टायरवर ‘डीओटी’ अक्षरांपुढे असलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे: टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. जुना माल मी तिथल्या तिथे परत केला.

बसवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे तीन मोठी माणसं बसवून गतिरोधकावरून न्या, खिडक्या उघड्या ठेवून कान द्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालली की नट परत आवळून घ्या. विमा कंपनीला अलॉयचं बिल पाठवून पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर चोरी झाली तर भरपाई लोखंडी रिमच्या हिशोबाने मिळेल.

स्टेपनी मी जुनीच १४ इंची ठेवली आहे, उंची जुळते म्हणून वेळेला घरापर्यंत आणते. फक्त अलॉयसोबत आलेले नट लोखंडी रिमला बसतात का ते घरीच लावून बघा. माझे बसले नाहीत, म्हणून जुन्या नटांचा संच आणि त्यांचा पाना स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवलेला आहे.