तुम्ही विचारलंत म्हणून : पिंगळ्याला पंख कशाला?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवायचा खेळ) खेळणारं कुणी भेटलं आणि माझ्या पात्राचा, पिंगळ्याचा, विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला. नवखे विचारतात, "मलाही उडणारा चोर बनवायचाय, कसा बनवू?" जुने खेळाडू भुवया चढवून विचारतात, "उडणारा चोर? मग बाकीच्यांनी काय करायचं?" दरवेळी नव्याने सांगून मी थकलेय, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

नवख्यांचं आधी उरकते. पाचव्या आवृत्तीत जन्मतःच पंख असलेले वंश मोजकेच. त्यात सगळे आराकोक्राकडे धावतात, कारण २०१५ साली तो आला तेव्हा त्याचा उडण्याचा वेग ५० फूट होता. २०२२ मध्ये तो चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० करण्यात आला. पंखवाला टीफ्लिंग आहे, परी आहे. मी २०२१ मध्ये आलेला घुबडांचा वंश घेतला, आउलिन. अंधारात १२० फूट दिसतं, स्टेल्थची प्रोफिशियन्सी, म्हणजे गुपचूप वावरायचं कसब, आयती मिळते. माझ्या पात्राचं नाव पिंगळा. मध्यम किंवा जड चिलखत घालून उडता येत नाही, पण चोर तसाही हलकंच घालतो, त्यामुळे काहीच सोडावं लागत नाही. कागदावर हे इतकं चपखल बसतं की बराच काळ मी ज्याला त्याला "डोळे मिटून घे" म्हणत होते.

ती तेव्हाची मी आत्ता समोर असते तर तिला विचारलं असतं, बाई, चोराचा क्लास, म्हणजे पेशा, चालतो कशावर? स्नीक अटॅकवर, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराच्या जादा इजेवर. पाचव्या लेव्हलला ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) जास्तीचे मिळतात, पण एक तर अॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) हवा, नाहीतर शत्रूच्या पाच फुटांत आपला कुणीतरी शुद्धीत उभा हवा. अॅडव्हान्टेज मिळवायची चोराची नेहमीची वाट म्हणजे लपणं. आणि भर आकाशात लपणार कशामागे? जमिनीवर खांब असतात, पिंपं असतात, अर्धवट उघडी दारं असतात. वर निळं आकाश, आणि त्यात एक घुबड. म्हणजे पंख घेतले की चोर खालच्या माणसावर आणखीच अवलंबून राहतो. जुन्या मंडळींना हे सांगितलं की ते हसतात. हसा.

त्यांची ‘मग बाकीच्यांनी काय करायचं?’ ही तक्रार मात्र मान्य आहे. आमच्या डीएमने (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) एक दरी रचली होती, तुटलेला पूल, पलीकडे कप्पी, अलीकडे दोर, सगळ्यांनी मिळून डोकं चालवावं म्हणून. पिंगळा उडत पलीकडे गेला, दोर बांधला, परत आला. डीएमने वही मिटली आणि म्हणाला, "बरं, पुढे." ते "बरं, पुढे" मला अजून ऐकू येतं. पण म्हणून मी काय करायचं होतं, पंख असून उडायचं नाही?

आता ट्रोलची लढाई. सगळे हिच्याबद्दलच विचारतात, आणि अर्धवट ऐकून विचारतात.

आम्ही चौघं पाचव्या लेव्हलला. पॅलडिन (धर्मयोद्धा), बार्ड (गाण्यातून जादू करणारा), विझर्ड (जादूगार) आणि मी. उघडं माळरान, दोन ट्रोल. २०१४ च्या नियमांत ट्रोलला ८४ हिट पॉइंट्स (किती जीव उरला त्याचा आकडा), एका खेपेला तीन वार, आणि आग किंवा आम्ल लागलं नाही तर प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला त्याचे १० परत भरतात. लांबून मारायला त्याच्याकडे काही नाही. मी साठ फूट वर गेले, शॉर्टबो घेऊन. ऐंशी फुटांपर्यंत तो नीट चालतो, ट्रोलचा हात साठ फुटांवर पोचत नाही. मी खाली बघून बाण सोडत होते, पॅलडिन ट्रोलला भिडलेला असल्यामुळे दर बाणाला स्नीक अटॅक मिळत होता. इतकं सुरळीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग पॅलडिन पडला. शून्य हिट पॉइंट्स. बार्डचे मंत्रांचे स्लॉट संपलेले, विझर्ड दुसऱ्या ट्रोलपासून जीव वाचवत पळतोय. माझी पाळी आली आणि लक्षात आलं की तो बेशुद्ध झाला त्याच क्षणी माझा स्नीक अटॅकही गेला. ट्रोलजवळ शुद्धीत कुणीच नाही. मग मी चोराचं दुसरं हत्यार काढलं, स्टेडी एम. २०२० मध्ये आलेली सोय: त्या पाळीत हललं नसाल तर बोनस अॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) देऊन पुढच्या वाराला अॅडव्हान्टेज घ्या, बदल्यात पाळी संपेपर्यंत तुमचा वेग शून्य.

डीएम थांबला. "वेग शून्य?"

"हो, तसंच लिहिलंय."

"उडणाऱ्याचा वेग शून्य झाला की तो पडतो. तुला हॉवर नाही, नुसतं तरंगता येत नाही."

पुस्तकं उघडली गेली. लिहिलेलं होतं. दहा फुटांना १डी६, म्हणजे साठ फुटांना सहा फासे. बेरीज तेवीस. माझे ३३ पैकी १० उरले. आणि एवढ्यावर भागलं नाही. पडून इजा झाली की पात्र आडवं होतं, आडव्याला वार करताना डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा), त्याने माझा अॅडव्हान्टेज कापला गेला आणि स्नीक अटॅक पुन्हा गेला. बाण लागला, आठ डॅमेज. ट्रोलची पाळी आली, त्याचे दहा भरले. मग त्याने बेशुद्ध पॅलडिनवर दोन पंजे मारले. पाच फुटांतून बेशुद्ध माणसाला लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (दुप्पट फाशांचा), आणि प्रत्येकामागे दोन डेथ सेव्ह, म्हणजे मरणाशी झगडायच्या संधी, बुडतात. तीन बुडाले की संपलं.

टेबलावर कुणी बोललं नाही. मग पॅलडिनवाला मित्र कॅरेक्टर शीट उलटी ठेवत म्हणाला, "तुझ्याकडे पोशन होतं."

होतं. तीस फूट खाली येणं, बोनस अॅक्शनने डॅश करून आणखी तीस, आणि अॅक्शनमध्ये त्याला जखमा भरणारं ते पोशन पाजणं. बरोबर साठ फूट. हा हिशोब त्याने तिथल्या तिथे केला, आणि त्यानंतर मी असंख्य वेळा केलाय. पण पुढचाही करा ना! पोशन २डी४ अधिक २, सरासरी सात. ट्रोलच्या एका पंज्याची सरासरी अकरा. तो सातवर जागा झाला असता, आडवाच, ट्रोलच्या पायाशी. पहिल्या पंज्याला परत बेशुद्ध, उरलेल्या दोन वारांना तेच डेथ सेव्ह.

हे मी त्याला म्हणाले. त्यावर तो जे म्हणाला त्याचं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. "पडायच्या आधी तुझे तेहतीसच्या तेहतीस होते. लढाईभर ट्रोलने दर खेपेला तीन वार केले. तुझ्या वाटचे कुणी खाल्ले?"

नियमाबद्दल मात्र मी हटत नाही. अक्षरशः वाचलं तर डीएम बरोबर, आणि २०२४ च्या नव्या नियमांतही उडण्याचा वेग शून्य झाला की पडणं आहेच. पण पिंगळा जन्मापासून उडतोय. हवेत पंख थांबवले तर आपण पडू हे मला ठाऊक नसेल, त्याला नसेल? डीएमने फक्त विचारायला हवं होतं, "नक्की?" इतर टेबलांवर विचारतात. डीएमचं म्हणणं, मी विचारलंच की, ‘वेग शून्य?’ असं. यावर आमचं अजून वाजतं.

तेव्हा बनवणार असाल तर एवढं करा. वीस फुटांच्या वर विनाकारण जाऊ नका, पडलात तरी दोन फाशांवर निभावेल. स्टेडी एम वापरायचं तर आधीच्या पाळीत कुठेतरी बसा, कौलांवर, तुळईवर, झाडावर. बसलेला पडत नाही, आणि तिथे लपताही येतं. पंख हे वर पोचायला वापरा, वर राहायला नव्हे. उघड्या माळावर मात्र यातलं काहीच कामाचं नाही, तिथे खाली उतरा आणि रेपियर तलवार काढा. मी उतरते का? कधी कधी.

मित्राचं नवं पात्रही पॅलडिनच आहे. पंखवाला टीफ्लिंग. उडता यावं म्हणून जड चिलखतावर पाणी सोडलंय. तो ट्रोलच्या डोक्याशी घिरट्या घालत वार करतो, त्यामुळे माझा स्नीक अटॅक शाबूत आहे, तक्रार नाही. जमिनीवर आता बार्ड आणि विझर्ड एवढेच उरलेत, आणि बार्ड परवा डीएमला परीबद्दल काहीतरी विचारत होता.