रोगाला तारीख असते

घरच्या काचेच्या टँकमध्ये पाळलेल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या बाबतीत मला आजाराची फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती स्वभावाची. आजार कितीही वाईट असला तरी हिशेबाला पक्का असतो. स्वभावाचा हिशेब अजून कुणाला जमलेला नाही.

व्हाइट स्पॉटचंच घ्या. माशाच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके उठतात, ते क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या परजीवीचे. हा जीव अगदी वेळापत्रकाने जगतो. माशाच्या कातडीत साधारण ३ ते ७ दिवस खाऊनपिऊन गलेलठ्ठ होतो, मग आपणहून गळून पडतो, वाळूला नाहीतर दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत स्वतःचेच शेकडो तुकडे पाडतो. कवच फुटलं की ही पिलावळ पोहत मासा शोधायला निघते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर खेळ खलास. यातली फसवी गोष्ट अशी, की ठिपके गळून पडल्यावर मासा लख्ख दिसतो. नवशिका मालक ‘बरा झाला’ म्हणून सगळ्यांना सांगत सुटतो आणि त्याच वेळी तळाशी पुढच्या फेरीची तयारी चाललेली असते. कधी कधी तर ठिपके दिसतही नाहीत, कारण बिऱ्हाड कल्ल्यांत थाटलेलं असतं.

म्हणून नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये जात नाही. आधी महिनाभर क्वारंटाईन टँक. त्यात वाळू नाही, दगड नाही. हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. दिसायला अगदी दरिद्री, पण त्या दारिद्र्याला कारण आहे. औषध म्हणून पाण्यात कॉपर, म्हणजे तांबं, सोडायचं असतं आणि वाळू, दगड ते शोषून घेतात. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई यांना तर कॉपर म्हणजे विषच, त्यामुळे मोठ्या टँकमध्ये हे औषध चालतच नाही. पुन्हा कॉपर मारतं ते फक्त पोहत्या पिल्लांना. कातडीत बसलेल्याला आणि कवचातल्याला ते हातही लावू शकत नाही. मग उपाय एकच, सगळे एकेक करून बाहेर पडेपर्यंत पाण्यातलं प्रमाण टिकवून ठेवणं. साध्या कॉपर सल्फेटने उपचार करायचे तर पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं लागतं. त्याखाली गेलं तर परजीवी मरत नाही, फार वर गेलं तर मासा मरतो. रोज टेस्ट किट काढून ट्यूबमधला रंग उजेडात धरून बघायचा, हा महिनाभराचा नेम. परजीवी मोठ्या टँकमध्ये शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून तो टँक रिकामा ठेवावा लागतो. कवच फुटायला ७२ दिवस लागल्याची नोंद आहे, म्हणून लोक ७६ दिवस थांबतात. आजार कटकटीचा आहे खरा. पण कधी संपणार ते कॅलेंडरवर खूण करून सांगता येतं.

क्वारंटाईनमध्ये मासे दगावतात ते बरेचदा रोगाने नव्हे, अमोनियाने. अशा वाळू-दगडाविना बोडक्या टाकीत माशाच्याच घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात. त्यासाठी स्पंज आधी काही आठवडे मोठ्या टँकच्या पाण्यात मुरवून ठेवायचा. पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेल्या माशाची तर वेगळीच तऱ्हा. बंद पिशवीत त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्या पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात पडून राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणजे थेंबथेंब नवं पाणी घालत तास-दोन तास माशाला ‘सवय’ लावत बसणारा प्रेमळ मालक त्याला विषातच बसवत असतो. क्वारंटाईनच्या पाण्याचा खारेपणा आधीच पिशवीशी जुळवून ठेवावा, तापमान सारखं झालं की मासा झटकन सोडावा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. माया दाखवायला पुढे महिना पडलाय.

या महिन्याला लोक उगाच तुरुंग म्हणतात. मला तर वाटतं, माशाच्या पूर्ण प्रवासात सुखाचे दिवस असतील तर हेच. एखादा टँग, म्हणजे चपट्या अंगाचा शेवाळखाऊ मासा, येतो तेव्हा पोट खपाटीला गेलेलं, डोळ्यांमागे खळगे पडलेले. क्लिपला समुद्रशेवाळाचा तुकडा लावून ठेवला तर पहिल्यांदा पाइपच्या तोंडाशी येऊन नुसता बघतो. मी टाकीपासून लांब गेलो की एक चावा घेऊन परत आत. काही दिवसांनी क्लिप लावायला हात पाण्यात गेला की बोटाला धडकायला येतो. इथे त्याला कुणी हुसकत नाही, ताटावरून कुणी उठवत नाही. अंग धरलं की त्याचा रंगही उजळतो.

आणि मग तो निरोगी ठरतो, मोठ्या टँकमध्ये जातो आणि खरे हाल सुरू होतात.

तिथे आधीपासून एखादा डॅमसेल नावाचा चिमुकला मासा असतो. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, पण तोरा सरंजामी. त्याला खुनशी म्हणायचा मोह होतो, तरी मी म्हणत नाही. प्रवाळांत काही डॅमसेल चक्क शेवाळाची शेती करतात. नको ते शेवाळ उपटून टाकतात, हवं ते वाढू देतात आणि त्या वितभर तुकड्यासाठी आपल्या कैकपट मोठ्या माशांच्या अंगावर धावून जातात. पाणबुड्यांनाही चावतात. समुद्रात हे भांडण क्षणात मिटतं, कारण समोरचा थोडं पलीकडे निघून जातो. टँकमध्ये पलीकडे काच असते. पळणारा काचेवर थडकून परत फिरतो तो हद्दीतच. डॅमसेलच्या दृष्टीने हा मार खाऊनही न जाणारा कोडगा घुसखोर. तो पुन्हा धावतो. भांडण सुरू करायला दोघे पुरतात, ते संपायला जागा लागते. आणि जागा तर आपणच मोजून विकत आणलेली असते!

त्यात पुन्हा सर्वांत मोठा वैरी कोण, तर आपल्यासारखा दिसणारा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळालेल्यांपैकी एक, कोनराड लोरेन्झ, यांनी प्रवाळांतल्या भडक रंगाच्या माशांबद्दल हेच म्हटलं होतं, की ते स्वजातीयावर जास्त तुटून पडतात. टँकमध्ये नुसता आकार जुळला तरी पुरतं. पिवळ्या टँगला क्लाउनफिशशी काही देणंघेणं नसतं. जांभळा टँग दिसला की मात्र तो आडवा होतो, पर ताणतो आणि शेपूट फिरवतो. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार पातं असतं. त्याचा ओरखडा निघाला की मासा खचतो, खाणं सोडतो आणि मग अंगात दबून राहिलेला एखादा रोगही डोकं वर काढतो.

क्लाउनफिशनी हा प्रश्न त्यांच्यापुरता सोडवलाय. सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर. धाकटा समोर आला की आडवा होऊन अंगभर थरथरतो, ‘तूच मोठी’ असं कबूल करतो आणि मामला मिटतो. मादी मेली तर तोच नर पुढे मादी होतो. नतमस्तक होण्याची इतकी शिस्तबद्ध सोय बाकीच्यांकडे नाही.

म्हणून माणसाने केलेल्या युक्त्या. भांडखोर मासा शेवटी आणायचा. नवा सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही पुसल्या जातात. बाहेरून काचेला आरसा चिकटवला की दांडगट मासा स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजत बसतो. (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणाऱ्या क्लीनर रॅस या माशाला मात्र गृहीत धरू नये. आरशात बघून आपल्या अंगावरचा डाग घासून काढायचा प्रयत्न तो करतो, असं २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं.) पण माझा भरवसा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यावर. नवा मासा त्यात घालून डबा मोठ्या टँकमध्येच लटकवायचा. डॅमसेल धावत येतो, प्लास्टिकवर तोंड आपटतो, मागे सरतो, पुन्हा आपटतो. मग आपटण्यांमधलं अंतर वाढत जातं. मग नुसता एक फेरा. मग एके दिवशी खाणं टाकल्यावर डब्याकडे बघतही नाही. याला किती दिवस लागतात? कधी तीन, कधी दहा. कॅलेंडरचा इथे उपयोग नाही, खुर्ची टाकून बघत बसावं लागतं.

एवढं करूनही एखादा ऐकत नाहीच. त्याच्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला उचलायचं. जाळीत धरून त्याची रवानगी पाइपच्या टाकीत, या वेळी औषधाशिवाय. तेवढ्या दिवसांत नवा मासा मोठ्या टँकमध्ये जागा धरतो आणि दांडगट परत येतो तो नवखा म्हणून. क्वारंटाईन टँक रिकामा पडला तरी मी मोडून ठेवत नाही, तो यासाठी. डॅमसेलला तिथे सोडलं की पहिला दिवस तो पाइपमागे फुगून बसतो. दुसऱ्या दिवशी क्लिप लावायला हात घातला तर बोटाला चावा. पाइप त्याच्या मालकीचा झालेला असतो.